दारातल्या चपला

सुट्टीच्या दिवशी जेवण उरकून हर्षदा मिलकडे निघाली, तेव्हा भुताखेताचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. तिच्या मनात फक्त कॉम्प्युटरच्या बॅकअपच्या टेपा होत्या.

बमरोलीतून वडिलांनी तिला सायकलवर आणून फाटकाशी सोडलं. वडील लोटू पाटील त्याच मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायच्या खात्यात होते. जाताना ते एवढंच म्हणाले, "झालं तर झालं. नाही तर घरी ये, रडत बसू नको."

आदल्या दिवशी मिलच्या मोठ्या कॉम्प्युटरची डिस्क कायमची बंद पडली होती. कंपनीच्या माणसाने नवीन डिस्क घातली आणि आतला डेटा तुमचा तुम्ही चढवा म्हणून हात झटकले. त्या डेटात मिलचा जीव होता. राणी, फिरोजी, चटणी, पोपटी, कुठल्या व्यापाऱ्याच्या कापडाला कुठला रंग किती घालायचा, ते सगळं त्यात. रंगमास्तर पूर्वी कागदावर लिहीत. कॉम्प्युटर आल्यापासून ती सवय सुटली होती. शेठ ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बेन, काले सवारे शेड जोईए." उद्या सकाळी रंगांचे सगळे शेड हवेत. मिळाले नाहीत, तर मुंबईहून दुसरा माणूस येणार आणि हर्षदाने घड्यांच्या टेबलाशी वडिलांशेजारी उभं राहायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. तिला ते कळलं.

फाटकावर सुकदेव बाबा होते. ते पावसाळ्यानंतर नव्याने लागलेले वॉचमन, धुळ्याकडचे.

"कथी व बेटा? आज ते सुट्टी शे."

तिने वर बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली.

मिल बंद असली की तिथली शांतता अंगावर येते. एरवी इतका आवाज असतो की माणसं खुणांनी बोलतात. आज बॉयलर गार होता, रंगाच्या हौदांवर साय धरल्यासारखी चकाकी होती आणि ॲसिडचा आंबट वास कोपऱ्याकोपऱ्यात साचला होता. जिना चढताना तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा नियम तिच्याआधी ही खोली सांभाळणाऱ्या बन्सीलाल काकांचा. धुळीने मशीन मरतं, म्हणायचे. शेठसुद्धा दारात बूट काढत. आज दाराशी एक जोड आधीच होता. तपकिरी, टाचेला झिजलेला, अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेला. तिचं लक्ष टेपांत होतं. झाडूवाल्याचा असेल, असं समजून हर्षदाने आपल्या चपला शेजारी काढल्या.

आत कोणी नव्हतं.

तिने एसी लावला, टेप घातली आणि वाट पाहिली. टेप घरघरली, थांबली, वाचता येत नाही असं पडद्यावर आलं. दुसरी घातली. तेच. तिसरी घातली, तीही तशीच. रोज संध्याकाळी न चुकता तिने बॅकअप घेतला होता. रोज मशीन म्हणालं होतं, झालं. आणि टेपांवर नुसता कचरा होता.

आपण कुठे चुकलो ते तिला तिथेच उमगलं. बन्सीलाल काका हा डेटाबेस सांभाळायचे. त्यांनी तिला एंट्रीच्या खुर्चीवरून उठवून आपल्या शेजारी बसवलं होतं, उधन्याच्या क्लासला संध्याकाळी धाडलं होतं. तिथे शिकलेलं ते दुसऱ्या दिवशी करून घेत. म्हणायचे, "पोरी, भरणं कोणालाही येतं. आपली नोकरी ही गेलेलं परत आणण्याची आहे. परत चढवून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे." म्हणून दर सुट्टीला ते मिलमध्ये येत. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टेप चढवून बघत, बडीशेप चघळत, एका बोटाने टाइप करत. उन्हाळ्यात कतारगामच्या घरी झोपेतच ते गेले. त्यानंतर हर्षदाने त्या कोपऱ्याकडे पाहायचंही टाळलं. बॅकअप घेत राहिली, चढवून बघणं मात्र राहून गेलं.

आता एकच आशा होती. जुन्या कॉम्प्युटरची टेप वाचायची पेटी वेगळी होती. कदाचित तिला वाचता येईल.

ती कोपऱ्यात गेली. प्लॅस्टिकच्या आवरणाला हात लावला आणि तिने तो मागे घेतला.

आवरण कोमट होतं.

टेबलावर धूळ नव्हती. तिने आवरण काढलं, पडदा चालू केला. मशीन आधीपासूनच सुरू होतं. पडद्यावर रंगांची नावं उभी होती. ती खाली खाली जात राहिली. शेवटचं नाव मोरपंखी. परवा संध्याकाळी बॅकअप घेण्याआधी तिनेच भरलेलं. त्यानंतर कोणी काही भरलं नव्हतं.

ती काकांच्या खुर्चीत बसली. भीती अजून आत शिरली नव्हती. आधी रडू आलं, सुटल्याचं. मग डोळे पुसून तिने कामाला हात घातला. दोन्ही मशीन वायरने जोडली आणि इकडचा डेटा तिकडे उतरवू लागली. काकांनी शिकवलं होतं तसंच. घाई नाही, आधी नुसती रचना, मग रंग, मग मोजून ताळा.

मोठ्या कॉम्प्युटरसमोर ताळा बघत असताना तिला मागून आवाज आला.

टक... टक... टक... ठक.

एका बोटाने टाइप केल्यासारखा. शेवटचं बटण जरा जोरात.

तिने मान वळवली नाही. एसीच्या गार वाऱ्यात कुठून तरी बडीशेपेचा वास आला.

"काका...?"

आवाज थांबला.

"काका, माझं चुकलं... यापुढे दर सुट्टीला मी येईन. मीच चढवून बघेन."

मग खुर्चीचं चाक किंचित कुरकुरलं, कोणी उठावं तसं. समोरच्या पडद्यावर ताळा लागला. एकही रंग कमी नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा दाराशी फक्त तिच्या चपला होत्या.

खाली तिने सुकदेव बाबांना सहज विचारावं तसं विचारलं, वर कोणी आलं होतं का.

"दर सुट्टीले येतस ना त्या काका," ते तंबाखू मळत म्हणाले. "कव्हय येतस, कव्हय जातस, दिसत नही. चपला मातर ऱ्हातस. तार लायेल."

हे ऐकूनही फाटकाबाहेर पडताना तिला हलकं वाटत होतं. वडील सायकल धरून उभेच होते. घरी गेलेच नव्हते. तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी घंटी वाजवली, लहानपणी शाळेतून आणताना वाजवायचे तशी. दुसऱ्या दिवशी रंगाचे हौद वाफाळले. शेठनी मुंबईच्या माणसाला फोन केला नाही. पुढे दिवाळीत डेटाबेसची सगळी जबाबदारी तिच्याकडे आली आणि काकांची खुर्चीही.

तिने शब्द पाळला. दर सुट्टीला गेली, टेप चढवून पाहिली. तारेच्या चपला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. काका सुटले, असं तिला वाटे आणि बरं वाटे.

थंडीत एकदा तिला ताप भरला. सुट्टीचा सबंध दिवस ती घरी पडून होती. आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती. तापात तिला एवढंच आठवत होतं, आज टेप राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटलं, तशी ती उठली. घाईत उंबऱ्यावर उजव्या चपलेचा पट्टा तुटला. आईच्या बांगडीतली पिन काढून तिने तो कसाबसा जोडला आणि निघाली.

फाटकाशी सुकदेव बाबा हसले.

"काल सांज लोंग बठनी व बेटा. हाक मारी, तू बोलनी नही. मंग दारमा तुन्या चपला देख्यात, म्हनं काम चालू शे."

"काल... मी नव्हते आले, बाबा."

"तुन्याच व्हत्या," ते म्हणाले आणि तिच्या पायांकडे बोट केलं. "हाई पिन तेवढी काढी टाक. कालबी देखी ती, म्हननार व्हतू, पायले लागी जाई."