चौथा खण

आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान हिंगोलीत एसटी डेपोसमोर. जळालेली मोटार पाहून ती कोणाच्या विहिरीवरची हे मी सांगू शकतो, आणि भुताखेतांच्या गोष्टी वायर तपासल्याशिवाय ऐकत नाही. एवढं आधीच सांगून ठेवतो.

२००४च्या दिवाळीनंतर कनेरगाव नाक्याजवळ माझ्या सासूबाईंच्या, सत्यभामाबाईंच्या, कळपात रोग शिरला. मेंढ्या पटापट गेल्या. उरली ती आईविना कोकरं. ती थंडीत गेली असती, तर सासऱ्यांच्या मागे बाईंनी एकटीने राखलेला कळपच संपला असता.

बायको मोहिनी म्हणाली, "जगाच्या मोटारी दुरुस्त करता. माझ्या आईसाठी बी काही करा की."

मग काय, मला हुरूप आला. पत्र्याच्या शेडचे चार खण केले. बाहेर अंघोळीचा असतो तसाच, पण पिंपाएवढा बंब बसवला. त्यातलं गरम पाणी लोखंडी नळ्यांतून खणाखणात फिरायचं. अंडी उबवायच्या पेटीतले थर्मोस्टॅट मिळवून प्रत्येक खणात एक लावला. खण गार पडला की बाहेर बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डावर त्याचा लाल दिवा लागायचा आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा. खण तापला की दिवा बंद. शेजारचे भावसिंग येऊन पाहून गेले. "मेंढरायची साहेबी हाय गड्या," म्हणाले. मी फुगलो.

फक्त चौथ्या खणाचा दिवा कधी लागायचा नाही.

तिथे सगळ्यात लहान, बाटलीने दूध पिणारी कोकरं होती. थर्मोस्टॅट बिघडला असणार म्हणून तो पहिल्या खणातल्याशी बदलून पाहिला. पहिल्या खणात तो बिनतक्रार चालला. चौथ्याचा दिवा तरी लागेना. नळीला हात लावला तर गार. थर्मामीटर टांगला तर पारा मेंढीच्या अंगाइतक्या उबेवर. मला चीड आली. माणूस खोटं बोलतो ते चालतं, यंत्राने बोलू नये.

"मामी, इथं शेकोटी करता का?"

"न्हाई बा. काहून करू?" सासूबाई बाटल्या धुवत होत्या. "या खणातले तर दूधबी कमीच पिऊन राहिले. पोट भरेलच असते त्याइचं."

मी खणात वाकून पाहिलं. कोकरं झोपली होती. भिंतीपासून लांब, मधोमध, एका अंगाला रेललेली. टेकायला तिथे काही नव्हतं, तरी पडत नव्हती.

जानेवारीत गारठा वाढला आणि एका संध्याकाळी बंबाचा सांधा उकलला. सगळं पाणी मातीत गेलं. टेम्पोत बंब घालून मी वेल्डिंगसाठी हिंगोली गाठली, पण काम लांबलं आणि परतीचं वाहन मिळालं नाही. देवाला मी सहसा तकलीफ देत नाही. त्या दिवशी मात्र औंढ्याच्या दिशेला तोंड करून नागनाथाला हात जोडले.

पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो. उतरलो तेव्हा शेतातला हरभरा दवाने पांढरा पडला होता.

सासूबाई शेडच्या बंद दाराबाहेर घोंगडी पांघरून बसल्या होत्या. दात वाजत होते.

"कोकरं?"

"हायेत."

"मग तुमी बाहेर काहून बसल्या? आत तरी बसायचं."

त्यांनी मान वर केली. भीती नव्हती चेहऱ्यावर. देवळातून नुकत्याच बाहेर आलेल्या बाईचा चेहरा होता तो.

"आत जागा न्हाई, जावईबापू."

मी बोर्डाकडे पाहिलं. चारही दिवे बंद.

बॅटरीची तार ओढून पाहिली. बराबर होती.

दार उघडलं. लोकरीचा आणि दुधाचा उबदार वास तोंडावर आला. चारही खणांत कोकरं रेलून झोपली होती. ओठांना दुधाचा पांढरा फेस होता. मधली वाट मोकळी होती, स्वच्छ झाडलेली.

माझे डोळे भरून आले. का, ते मला अजून सांगता येत नाही. चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

दोन्ही गुडघ्यांना लोकर घासली.

मग ती हळूच बाजूला सरकली आणि मला वाट झाली.