कानात सांगितलेलं नाव

ही हकिकत ज्याच्यावर गुदरली तो किसन माझा सख्खा मावसभाऊ. पोलिसात हवालदार आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. हे सगळं त्यानं मला देवघरासमोर बसून, हात जोडून सांगितलं. एक अक्षर पदरचं घातलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची पौषातली अमावास्या. भर दुपार. अंबरनाथच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याची दफनाची जागा.

पोलीस ठाण्यात किसनकडे एक काम कायमचं होतं, बेवारस मयतांचं. अनोळखी कुणी सापडलं की पंचनामा, शवविच्छेदन, फोटो. कपडे सीलबंद करून ठेवायचे. मग सात दिवस शवागारात वाट बघायची. कुणी आलंच नाही तर अंत्यविधी पोलिसांनीच करायचा. खुनाचा मामला असला तर मात्र जाळायचं नाही, पुरायचं. उद्या वारस निघाला तर पुन्हा बाहेर काढता यावं म्हणून.

कागदावर नाव नसायचं. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस.' बस.

हे किसनला सोसायचं नाही. कीर्तनात वाढलेला माणूस. बुवा नामाचा महिमा सांगायला लागले की हा डोळे पुसत बसणार. नावाशिवाय जीव पुढं जाणार कसा, हा त्याचा साधा प्रश्न. म्हणून माती लोटण्याआधी तो मयताच्या कानाशी वाकायचा आणि हळूच एक नाव सांगायचा. गोविंद. केशव. मुकुंद.

"उरकलं का बारसं, आत्याबाई?" जोडीचा भीमराव दर वेळी चिडवायचा.

त्या दिवशीचा माणूस कारखान्यांमागच्या नाल्यात सापडलेला. गळ्यावर दोरीचा वण. सात दिवस झाले, कुणी फिरकलं नव्हतं.

किसन वाकला... आणि नावच सुचेना.

सकाळीच घरात खटका उडाला होता. बदलापूरला हेंद्रेपाड्यात माय-लेक दोघंच राहतात. थोरला भाऊ महेश त्याच्या अकरा वर्षं आधी भांडून घर सोडून गेला, तो गेलाच. वेणूमावशी, किसनची आई, रोज सकाळी विचारायची, महेशचं काही कळलं का रे? त्या दिवशी किसन वैतागून काही न बोलताच निघाला होता. तेच डोक्यात घोळत होतं.

तोंडातून निघून गेलं, "महेश."

त्यानं मनाची समजूत घातली. शंकराचंच तर नाव आहे.

भीमराव त्या दिवशी चिडवायला विसरला.

दिवेलागणीला किसन घरी आला. मावशीनं तीन ताटं मांडली होती.

"महेश आलाय," ती म्हणाली. अगदी सहज.

न्हाणीघरात बादली भरत असल्याचा आवाज येत होता...

किसन धावला. बादली काठोकाठ भरलेली. नळ बंद. आत कुणी नाही.

पायपुसण्यावर लाल माती होती. ओली.

मावशी तिसऱ्या ताटात भात वाढत होती. "फार बोलत नाही रे तो. गळा बसलाय म्हणतो. आणि हात किती गार पडलेत त्याचे..."



पण किसननं कुणाला सांगितलं नाही. कारण मावशी जेवायला लागली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती गुणगुणत भाजी निवडत होती. तिसऱ्या ताटातला भात रोज तसाच राहायचा, नुसता थंडगार व्हायचा, बर्फावर ठेवल्यासारखा. किसन तो गुपचूप गाईला घालायचा.

गाय तोंड लावायची नाही.

दोन महिने असे गेले.

मग ठाण्यात संध्या आली. उल्हासनगर कॅम्प एकची. तिचा भाऊ नरेंद्र जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करायचा. गावी जातो म्हणून निघाला होता, तिकडं पोचलाच नव्हता. फोटोतल्या पँटचा खिसा तिनं ओळखला. तिरपी दुहेरी शिलाई त्याची स्वतःची. संशयित पकडले गेले, पण कोर्टाला नुसता खिसा पुरत नव्हता. आधी घेतलेला नमुना कुजून गेलेला. डीएनए जुळला नाही तर मारेकरी सुटणार होते.

आदेश निघाला. तहसीलदार, डॉक्टर, पंच, सगळ्यांसमोर खड्डा उकरला.

पांढरं कापड दिसलं. वर बांधलेल्या गाठी जशाच्या तशा. गुन्हा नंबरचा बिल्लाही होता.

कापड मात्र... सपाट होतं.

आत कुणीच नव्हतं.

 साहेबांनी किसनकडे अशी नजर टाकली की नोकरी गेल्यातच जमा. पण किसनला त्याचं काही नव्हतं. संध्या खड्ड्याच्या काठाशी बसली होती. रडतही नव्हती.

"दादा," तिनं विचारलं, "माझ्या भावाला कुठं ठेवलंत?"

किसन तडक घरी आला. दुपारचे तीन वाजले असतील.

मावशीनं ओठांवर बोट ठेवलं. महेश झोपलाय म्हणाली.

आतल्या खोलीत गादी अंथरलेली. गादीवर कुणी नव्हतं. पण उशी मधोमध दबलेली होती... माणसाचं डोकं टेकल्यासारखी.

किसन उशीशी वाकला. मावशीनं त्याचं मनगट धरलं.

"आजचा दिवस राहू दे रे. एकच दिवस."

किसननं डोळे मिटले. नाव देताना वाकायचा, तेवढाच वाकला.

"तू महेश नाहीस. तू नरेंद्र. संध्याचा भाऊ. ती वाट बघतेय. जा बाबा."

उशी हळूहळू वर आली...

मावशी भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोच खड्डा पुन्हा उकरायला लावला. कापडाखाली हातभर खोल नरेंद्र मिळाला. पहिल्या खेपेला खोदाई अपुरी झाली, असं कागदावर आलं. पण पहिल्या खेपेला फावडं खालच्या कातळाला लागलं होतं, हे तिथल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

डीएनए जुळला. संध्यानं भावाला नेलं. खटला उभा राहिला.

मावशी किसनशी दोन वर्षं कामापुरतंच बोलली.

आणि गेल्या भाद्रपदात, पितृपक्षातली दुपार. दोघं जेवत होती.

दारावर थाप पडली.

"आई... मी महेश. दार उघड."

मावशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. किसन उठला. कडीवर हात ठेवला.

आवाज बसलेला नव्हता. मोकळा होता. पण महेशचा आवाज तेरा-चौदा वर्षांनी कसा झाला असेल, कुणाला ठाऊक?

पुन्हा थाप. "किसन्या, आहेस ना रे आत?"

हात कडीवरच राहिला. 

तिसरी थाप पडली नाही. जिना उतरणारी पावलं ऐकू आली. सावकाश. एकेक पायरी थांबत.

त्यांच्या इमारतीच्या जिन्यासमोरच वाण्याचं दुकान आहे. वाणी सकाळपासून रात्रीपर्यंत तिथंच बसतो. कोण चढलं, कोण उतरलं, त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्या दुपारी कुणी माणूस खाली उतरला का, एवढंच त्याला विचारायचं.

मावशी रोज किसनच्या तोंडाकडे बघते.

किसननं अजून विचारलेलं नाही.