तळ दिसणारं पाणी

भास्करने तोटीखाली ग्लास भरला, तोंडाला लावला, तोच केतकीने तो त्याच्या हातातून हिसकावला. पंपघराशी जमलेल्या बायका पाहतच राहिल्या.

"काऊन वं?" तो हसला. हसतानाही त्याचा सुजलेला चेहरा ओळखू येत नव्हता.

निंबाळी खारपाणपट्ट्यातलं गाव. इथल्या काळ्या मातीत सोडियम फार, त्यामुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून फटकून राहायचे. पावसात बांध विरघळायचे आणि तलावातला गाळ महिनोन्‌महिने तरंगत असायचा. केतकीने या कणांना बांधून ठेवणारी भुकटी शोधली, 'मृदाबंध'. बांध टिकले, तलावाचा तळ दिसू लागला. पण गाव भलतं संशयी! भुकटीचं पाणी पिणार कोण? तेव्हा तिचा थोरला भाऊ, गावाला पाणी सोडणारा भास्कर, पुढे झाला. तीन वर्षं रोज सकाळी सगळ्यांदेखत पहिला ग्लास तोच प्यायचा, तोही गाळणीच्या अलीकडच्या तोटीचा, न गाळलेला. भरवसा द्यायचा तर पुरता द्यावा, असं त्याचं म्हणणं.

केतकीने त्याला पंपघरात नेलं. पाण्याच्या तपासणीचा कागद त्याच्यापुढे धरला.

"दादा, कापसाच्या पऱ्हाटीत वर्षानुवर्षं मारलेलं तणनाशक चिकणमातीच्या कणांनी घट्ट धरून ठेवलं होतं. माह्या भुकटीनं त्याची जागा घेतली. ते सुटून पाण्यात आलं."

"म्हंजे गढूळ पाणी बरं होतं?"

"हाव. विष मातीजवळ होतं."

"तपासलं नाही तू?"

"क्षार तपासले, जंतू तपासले. ते तणाचं औषध बंद होऊन पंधरा वर्षं झाली. कोणालेच सुचलं नाही. मलेई नाही."

गाळणीतल्या कोळशाने गावाला वाचवलं होतं. भास्करला नाही.

"माह्ये गुर्दे यानंच गेले का?"

ती रडू लागली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू काही जाणून नाही केलं, केतके."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ही माया तिला सोसवेना.

खिडकीतून तलाव दिसत होता, तळाच्या दगडांसकट. भास्कर तिकडे वळला.

"तुही भुकटी आता चाळीस गावांत गेली ना?"

"हो."

"अन् मी पेतो तसा पह्यला गिलास कोनी तरी प्यावा, हे तूच त्या गावायले कागदावर लिहून देलं होतं."

"हो, दादा."

"मंग तिथं आज सकाळी कोन कोन पेलं असन?"