हातांच्या आधी वळलेली बस

जेवणे आटोपली की नाना पिसाळ पडद्यासमोरच्या खुर्चीत बसत, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत, टेबलाला जोडलेले स्टिअरिंगचे चाक धरत आणि संगणकावरच्या खेळातली लाल बस घाटाला लावत. एसटीच्या चाकामागे आयुष्य काढलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर हे काम मुलीने दिले होते. ही मुलगी, वृषाली, साताऱ्यातल्या त्यांच्या घरी बसून ग्राफिक्स कार्डांची परीक्षणे लिहायची. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खेळातले एकेक चित्र रंगवून पडद्यावर धाडणारा संगणकाचा भाग. चित्रे जितक्या भरभर येतील तितका खेळ सलग आणि खरा वाटतो, आणि तितके कार्ड महाग पडते. भारी कार्डाच्या पैशांत चांगली दुचाकी येते. म्हणून घेणारे आधी तिला विचारायचे, "ताई, एवढे पैसे टाकण्याजोगं आहे का?"

तिची पद्धत ठरलेली होती. कार्ड कोणतेही असो, खेळ तोच, घाट तोच आणि चालवणारे नानाच. नाना प्रत्येक फेरीत त्याच वळणाला तोच गिअर टाकत, त्याच जागी ब्रेक दाबत. चालवणारा बदलला नाही, म्हणजे दिसेल तो फरक कार्डाचाच. या पद्धतीमुळेच लोक तिच्या शब्दावर विसंबत.

त्या दुपारी तिने 'मेघरेखा' नावाचे नवे कार्ड बसवले होते. बाजारातल्या सर्वांत भारी कार्डाच्या निम्म्या किमतीत ते दुप्पट चित्रे काढत होते. गंमत म्हणजे तासभर चालूनही जेमतेम कोमट झाले होते. एवढे काम करणारे कार्ड एव्हाना तव्यासारखे तापायला हवे.

"याला जमतं कसं?" नानांनी विचारले.

नेहमीचे कार्ड, वृषालीने समजावले, तुम्ही चाक फिरवल्यावर पुढचे चित्र काढायला घेते. हे कार्ड तुमचा हात शिकते. तुम्ही आता काय करणार याचा अंदाज बांधते आणि चित्र आधीच काढून ठेवते. अंदाज बरोबर निघाला की मेहनत वाचली. कंपनीने या युक्तीला 'पूर्वरेखन' असे नाव दिले होते.

"म्हणजे आमचा बाबूराव कंडक्टर," नाना म्हणाले. "मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आत घंटी मारायचा बेटा."

दोघेही हसली. मग वृषालीने उशीरमापक लावला. त्याचे एक टोक चाकाला आणि दुसरे पडद्याला चिकटवायचे; हात हलल्यानंतर किती वेळाने चित्र हलले ते तो सांगतो. चांगल्या कार्डात हा उशीर डोळ्याला कळतही नाही. पण इथे आकडा शून्याच्या खाली गेला होता. टोके उलटी लागली असतील म्हणून तिने ती काढून पुन्हा लावली, दुसरा मापक आणला. आकडा तोच राहिला. बस आधी वळत होती आणि नानांचे हात नंतर.

ती नानांच्या खुर्चीजवळ आली. "नाना, जरा चाक सोडा बघू."

नानांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. बस चालतच राहिली. बसनेच नानांच्या सवयीप्रमाणे वळणापाशी उजवीकडची थोडी जास्त जागा घेतली, चढावर गिअर उतरवला. मंदिराजवळच्या वळणावर कारण नसताना दोनदा हलकेच हॉर्न वाजला. खऱ्या घाटात त्या जागी बाबूरावाचे घर होते. तो जाऊन वर्षे झाली, तरी तिथून जाताना नाना हॉर्न द्यायचे, खेळातही. याबद्दल ते कुणाशी कधी बोलले नव्हते.

नानांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "हुशार आहे." आवाज मात्र उतरला होता.

तिथेच थांबायला हवे होते. पण फोनवर वाचकांची विचारणा सुरू झाली होती, आणि एवढ्या कमी किमतीत एवढे काम तिने कधी पाहिले नव्हते. तिने लिहून टाकले: बिनधास्त घ्या.

कार्ड घरातच राहिले. नाना रोज खेळू लागले. हातांना त्रासच नाही, म्हणायचे, बसलं की झालं. आणि तेच कार्ड दर आठवड्याला आणखी वेगाने चालू लागले. वृषालीने तेही कौतुकाने परीक्षणात जोडले.

काही आठवड्यांनी एका नातेवाइकाच्या लग्नाला दोघे यवतेश्वरच्या घाटातून निघाली, तेव्हा गाडी नाना चालवत होते. ऊन स्वच्छ होते, रस्ता मोकळा होता. समोर डावे वळण आले. त्यापलीकडे दरी होती. वृषाली बोलता बोलता थांबली, कारण नानांचे हात हलले नव्हते. चाकावर हात नीट ठेवलेले, नजर रस्त्यावर, चेहरा शांत. कठड्याचे पांढरे दगड मोठे मोठे होत गेले.

तिने ओरडून चाक ओढले आणि हँडब्रेक खेचला. गाडी खडीत घसरत कठड्याला टेकून थांबली.

"नाना, झोप लागली का?"

"नाही गं. वळण दिसत होतं मला."

"मग वळला का नाहीत?"

"वाट बघत होतो," ते म्हणाले. "वळायची."

घरी आल्यावर तिने मेघरेखा काढून जुने महागडे कार्ड बसवले. नानांनी बस सुरू केली आणि पहिल्याच वळणाला ती सरळ दरीत गेली. पुन्हा तसेच झाले. उशीरमापक या वेळी तिने वेगळ्या रीतीने लावला: वळण दिसल्यापासून हात हलेपर्यंत किती वेळ जातो? मापक मोजतच राहिला.

तेव्हा ते कार्ड थंड का राहत होते, हे तिला कळले. सुरुवातीला त्याने नानांचा हात शिकून घेतला. मग जिथे जिथे अंदाज चुकायचा, तिथे ते स्वतःचेच चित्र पुढे करायचे आणि नाना नकळत त्याच्याशी जुळवून घ्यायचे. जो माणूस सहज ओळखता येतो, त्याच्यासाठी काम थोडेच करावे लागते. कार्ड वेगवान होत नव्हतेच. नाना सोपे होत होते. आणि तिने तर रोज तोच घाट आणि तोच माणूस त्याच्यापुढे ठेवला होता. स्वस्त कार्डाची उरलेली किंमत तिच्या वडिलांनी चुकती केली होती.

तिने परीक्षण मागे घेतले, झाले ते सगळे लिहिले. उत्तरे लगेच आली. बहुतेकांनी तिची थट्टा केली. एकाने लिहिले, "ताई, उगाच घाबरवू नका. माझं तर रोज आणखी जोरात पळतंय." ते वाचून तिने फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या कार्डावर खेळातले एक मोकळे माळरान उघडले. तिथे रस्ता नव्हता, वळण नव्हते, दरी नव्हती. चुकण्यासारखे काहीच नव्हते. नानांना तिने खुर्चीत बसवले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाना, आज मोजायचं काही नाही. तुम्हाला वाटेल तिकडे न्या."

नानांनी चाक धरले. बस सुरू होती, पण जागची हलत नव्हती. गवत वाऱ्याने डुलत होते. नानांच्या बोटांची नखे दाबून पांढरी झाली. कपाळावर घाम आला. ते पडद्याकडे पाहत राहिले, मोठ्या आशेने, जणू पुढचे चित्र आत्ता येईल.

ते आले नाही. तेव्हा त्यांनी मान वळवून मुलीकडे पाहिले. त्या डोळ्यांतली भीती तिने आजवर कधी पाहिली नव्हती.

"शरम वाटते विचारायला," ते हळूच म्हणाले, "पण मला कुठे जायचं असतं गं?"