सैल दोऱ्यांची ढोलकी

ढोलकीवर हात पडताना कोणीही पाहिला नाही. घाटंजीच्या विहारात त्या रविवारी संध्याकाळी शे-दीडशे माणसे होती. ढोलकी वाजली, हे मात्र त्यांतला एकही जण नाकारत नाही.

गावातले आठ मजूर परराज्यात बांधकामावर गेले होते. ठेकेदाराने चोरीचा आळ घेतला आणि चार महिन्यांपासून ते तिथल्या तुरुंगात होते. त्यांच्या वकिलासाठी पैसे जमावेत म्हणून हा भीमगीतांचा कार्यक्रम. आठांपैकी संघदीप हा गायन पार्टीचा ढोलकीवाला. वादक नसला तर त्याच्या जागी दुसरा बसवायचा नाही, नुसती ढोलकी मांडायची, ही पार्टीची रीत. ती आणून देण्याचे काम त्याच्या बायकोकडे, साधनाकडे आले.

गाणारी दीपा होती. घरी चार वाक्ये न बोलणारा संघदीप दीपाच्या श्वासावर डोळे मिटून हात टाकी, हे साधनाने दहा वर्षे पहिल्या रांगेतून पाहिले होते. म्हणून निघण्यापूर्वी तिने दार लावून घेतले, ढोलकीच्या दोऱ्या ताणून धरणाऱ्या साऱ्या कड्या मागे सारल्या आणि दोऱ्या सैल केल्या. ढोलकी दीपाशेजारी असणारच होती. निदान सुरात तरी नसावी. हे तिने कोणालाही सांगितले नाही.

“वहिनी, माह्याजवळच ठेवा,” दीपा म्हणाली.

“तुह्याजवळच राह्यते ते नेहमी. मले कायले सांगतं?”

पेटीवर बसलेले बाबाराव पुटपुटले, “भांडन उद्या कर बाई, माईक सुरू हाय.”

गाणे सुरू झाले. दुसऱ्या कडव्यात दीपाला हुंदका आला. सूर तुटला, बाबारावांचा भाता थांबला. त्या शांततेत आधी एरंडेलाचा वास आला. ढोलकीच्या डाव्या पुडीला, म्हणजे कातड्याला, लावतात त्या मसाल्याचा, संघदीपच्या तळव्यांना कायम असणारा. मग ठेका. हलका, पण घट्ट चढवलेल्या पुडीचा. दीपाने डोळे मिटले आणि त्याच्या आधाराने गाणे पुरे केले. साधना ढोलकीकडेच पाहत होती. वर झाकलेले पांढरे फडके हललेसुद्धा नाही.

नंतर तिने कड्या चाचपल्या. तिने सारल्या तिथेच होत्या. बोट मारले, तर भिजल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

सोमवारी सकाळी तुरुंगातून फोन आला. महिन्यातून एकदाच येई, तिच्याच नंबरवर.

“दोऱ्या काहून सैल केल्या व?” संघदीपने विचारले.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“जाऊ दे... वाजवलं कसंबसं. दीपाले सांग, दुसऱ्या कडव्यात रडू नको म्हना...”

“अन् मी?” साधना हळूच म्हणाली. “मी समोरच बसलती... दिसली नाई तुमाले?”



“तू... आलती काय?”

विहाराच्या बाजूच्या दारातून कोणीतरी मोबाईलवर केलेले चित्रण आजही आहे. ठेका त्यात स्पष्ट ऐकू येतो. पहिल्या रांगेत साधनाची खुर्ची मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत रिकामी दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका सांगतात, ती एकदाही उठली नव्हती.