सानपाड्याच्या बांधावरची घोडी

अठ्ठ्याहत्तर सालच्या माघातली गोष्ट. मुंबईच्या मोठ्या शर्यतीसाठी पुण्याहून रेशमा नावाच्या घोडीला घेऊन गाडी निघाली होती. गाडी धर्मराज चालवत होता, आणि मागे घोडीपाशी तिचा मोतद्दार नामा होता. शर्यतीत नाव व्हायचं ते जॉकीचं आणि मालकाचं. पण रेशमा शिंगरू असल्यापासून नामाच्या हातचं खात आली होती. त्याने चुचकारल्याशिवाय ती पाण्याला तोंड लावत नसे.

सानपाड्याजवळ चाक बसलं. दिवस मावळायला आला होता. जॅक लावायचा म्हणून नामाने घोडीला खाली उतरवलं आणि मिठागराच्या बांधावर फिरवायला नेलं. वारा पडला होता. खाडीच्या चिखलाचा खारट, कुजका वास येत होता आणि खाजणातून धुकं हळूहळू वर सरकत होतं.

गावातली सुमित्राबाई रिकामी पाटी घेऊन घराकडे निघाली होती. ती थबकली.

"पोरा, परत कशाला आलास?"

"परत? आत्ताच तर उतरलो, आजी."

"मगाशी गेलास ना गारीकरं... हीच घोरी घेऊन."

नामा हसला खरा. पण पावलं गाडीकडे वळली.

धर्मराज नट आवळत होता. मान वर न करताच म्हणाला, "आता काय राह्यलं? घोडी चढवलीस ना, बस मागे."

"मी कुठं चढवली?"

"डोकं फिरलं काय तुझं? माझ्यासमोर तर..."

आतून घोडी खिंकाळली. नामाने फळीवरून डोकावलं. आत रेशमा उभी होती. कपाळावर तोच चांद, डाव्या गुडघ्याला त्यानेच सकाळी बांधलेली पट्टी. त्याने वळून पाहिलं. हातातल्या दोरीच्या टोकालाही रेशमाच. तोच चांद, तीच पट्टी.

"रेशमा..." तो पुटपुटला.

दोघींनी कान टवकारले.

"कुणाशी बोलतोयस?" धर्मराज नामाच्या मागे पाहत होता. त्याला तिथे काहीच दिसत नव्हतं.

नामाने दोघींच्या मानेवर हात ठेवून पाहिला, दोघीही ऊबदार. शेवटी, धर्मराजला दिसते तीच खरी, असं मनाला बजावून त्याने दोरी सोडली.

गाडी खाडीपुलाकडे निघाली.

शर्यत रेशमाने जिंकली. मालकाने नामाला मिठी मारली, फोटोसाठी पुढे ओढलं. नामाला रडू आवरेना. जिंकली ती हीच, मग शंका कसली?

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मराज पागेत आला. तो उंबऱ्यापाशीच थांबला.

"काल तुमची शर्यत चालली होती, तेव्हा मी पनवेलहून येत होतो," तो हळूच म्हणाला. "सानपाड्याच्या बांधावर तू उभा होतास, नामा. घोडीला धरून... म्हणालास, धर्मा, मला टाकून कुठं गेलास रे?"

"अरे, मी इथं होतो! फोटो आहे..."

"ठाऊक आहे." धर्मराज एक पाऊल मागे सरकला. "म्हणून तर विचारतो... त्या दिवशी माझ्या गाडीत चढलं कोण?"

नामा बोलायला गेला. पण कितीही ताण दिला, तरी गाडीत चढल्याचं त्याला आठवेना. आठवत होते ते फक्त धुक्यात लांब लांब जाणारे गाडीचे लाल दिवे.