सिहोऱ्याच्या मिलमध्ये विचारलेलं ‘करू का?’

ही घटना खरी आहे. पटलं तर वाचा, नाही पटलं तरी माझी हरकत नाही. यात नावंही बदललेली नाहीत. का, ते शेवटी कळेल.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, म्हणून आधीच सांगतो. रात्र नव्हती.

गेल्या एप्रिलमधला रविवार. दुपारचे सव्वातीन. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याजवळची एक बंद राइस मिल. बाहेर इतकं ऊन होतं की डोळे उघडवत नव्हते.

मी भूपेंद्र, राहणार तुमसर. आमचा लिनक्सवाल्यांचा एक ग्रुप आहे. नऊ माणसं, त्यातली चार फक्त ‘शुभ सकाळ’ टाकतात. लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, पण फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं. कोणतं नवीन व्हर्जन आलं, कुठे काय बिघडलं, या बातम्या मी दर शनिवारी टाकतो. विंडोज १० चे अपडेट बंद झाले तेव्हा लोक चांगले कॉम्प्युटर भंगारात काढायला लागले. आम्ही ते मागून आणायचो आणि लिनक्स टाकून शाळांना, वाचनालयांना द्यायचो.

त्या मिलच्या एका खोलीत गावाची अभ्यासिका होणार होती. तिच्यासाठी अकरा कॉम्प्युटर मिलच्या जुन्या ऑफिसात आणून ठेवले होते. लग्नसराईमुळे आलो दोघंच. मी आणि अश्वजित.

अश्वजित म्हणजे ग्रुपचा जीव. मी एक ओळ टाइप करेपर्यंत त्याच्या पाच झालेल्या असायच्या, त्याही माझ्याशी गप्पा मारत. माझा पंधरा वर्षांचा दोस्त.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या...

लिनक्समध्ये काही टाकायचं असलं की कॉम्प्युटर आधी परवानगी मागतो. मराठीत तो विचारायचा, ‘आपण पुढे जाऊ इच्छिता का?’ अश्वजित चिडायचा.

"असं कोण बोलते बे आपल्याकडं? लग्नाची पत्रिका वाटते."

मग आम्ही आमच्यापुरतं झाडीबोलीत, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीत, भाषांतर केलं. कॉम्प्युटर विचारणार, ‘करू का?’ आपण टाइप करायचं, ‘कर’.

पुढे त्याचा खेळच झाला. कीबोर्डवर बसलेला ओरडायचा, "करू का?" दुसरा जिथे असेल तिथून ओरडायचा, "कर!"

त्या दिवशी चौथ्या कॉम्प्युटरच्या वेळी आमचं ओरडणं ऐकून भोजराजबाबा आत आले. मिलचे चौकीदार, सत्तरीचे. पूर्वी तिथेच कामाला होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे बोलणं इथं नोको, पोट्टेहो."

"काहून बाबाजी?"

ते आधी सांगायला तयार नव्हते. मग दारातच बसले आणि बोलायला लागले.

मिल चालू होती तेव्हा बटनावर खुशाल नावाचा माणूस असायचा. मधल्या भिंतीमुळे त्याला मशीनचा पट्टा दिसत नसे. म्हणून तो ओरडायचा, "करू का?" पट्ट्याजवळचा माणूस "कर" म्हणाला की मगच बटन दाबायचं, अशी तिथली रीत. एकदा पट्ट्यापाशी गुलाब नावाचा कामगार होता. खुशालने विचारलं. "कर" असा आवाज आला.

गुलाब काहीच बोलला नव्हता...

"पट्ट्यानं आधी हात नेला. मंग मुंडकं," बाबा म्हणाले. "लोकायनं खुशालले धरलं. तो बोंबलून राहिला होता, मी विचारलं होतं, मी विचारलं होतं. कोणी आयकलं नाही. फावड्यानं मारलं त्याले. दात फरशीवर पडले होते. तिथंच गेला."

"मंग ‘कर’ म्हटलं कोणं?" अश्वजितने विचारलं.

बाबा उठून बाहेर गेले.

ते गेल्यावर मी हसलो. भुताखेतांवर हसायची मला खोडच आहे. होती.

तीनच्या सुमारास अश्वजित नेटची वायर घेऊन हॉलमध्ये गेला. अभ्यासिकेची खोली हॉलच्या पलीकडे होती. हॉलमधली मोटार कधीच विकली गेली होती. वीज फक्त ऑफिसात. हॉलमध्ये वर एक लोखंडी दांडा, त्यावर चाकं आणि लोंबणारा जुना पट्टा, एवढंच उरलं होतं.

मी नवव्या कॉम्प्युटरवर होतो. माझी पाठ हॉलच्या दाराकडे.

आधी कबुतरं गप्प झाली...

दिवसभर पत्र्याखाली घुमत होती. एकदम एकही नाही.

मग माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची खडखड ऐकू येईना...

मग हॉलमधून...

फट्.

फट्... फट्... फट्.

धोब्याने ओला कपडा दगडावर आपटावा तसा आवाज. आणि त्यावर अश्वजितची किंकाळी.

मी धावलो. पट्टा फिरत होता. मोटार नाही, वीज नाही, तरी फिरत होता. अश्वजितचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टा आणि चाकाच्या मध्ये गेला होता. त्याचे पाय जमिनीपासून सुटले होते. दर फेऱ्याला तो वर खेचला जात होता आणि हाड मोडल्याचं ऐकू येत होतं. मी त्याची कंबर धरून सगळं वजन टाकलं. त्याचं रक्त माझ्या तोंडात गेलं. चाक आणखी जोरात फिरायला लागलं... आता त्याचा खांदा आत चालला होता.

"भूपेन, सोडू नोको! सोडू नोको मले!"

भोजराजबाबा कुऱ्हाड घेऊन आले. पट्ट्यावर घाव घातला. एक. दोन. तिसऱ्याला पट्टा तुटला आणि तुटलेलं टोक सपकन त्यांच्या तोंडावर बसलं. गाल फाटला, आतले दात दिसायला लागले. तरी म्हातारा थांबला नाही. चाकावर, दांड्यावर, हवेत, दिसेल तिथे कुऱ्हाड घालत राहिला.

"मले ने, खुशाल! त्याले सोड! मले ने!"

चाक थांबलं.

हात वाचला नाही. नागपूरला नेल्यावर खांद्यापासून काढावा लागला. पोलिसांनी हॉल पाहिला आणि मला विचारलं, "पण मशीन कुठाय?" कागदावर अपघात लिहिला गेला.

पाचव्या दिवशी अश्वजित नीट बोलला.

"मांगून कोणीतरी विचारलं, करू का. मी म्हटलं, नोको, थांब. तीनदा म्हटलं, भूपेन. मंग ऑफिसकडून ‘कर’ आयकू आलं. एकदम तुयासारखं. साल्यानं हुबेहूब तुयी नक्कल केली."

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

वॉर्डबाहेर बाकावर भोजराजबाबा बसले होते. गालाला टाके. मला शेजारी बसवून घेतलं. शब्द नीट फुटत नव्हते, तरी बोलले.

"तूच होता ना?"

मी उठायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"गुलाबच्या वक्ताले मी अंगणात तांदळाचे कट्टे शिवून राहिलो होतो. मजाक म्हणून ‘कर’ ओरडलो. खुशालले मारून राहिले होते तवा मी बाजूलेच उभा होतो. सांगतलं नाही. तूबी सांगू नोको. जगता येते."

आता वर जे गाळलं ते सांगतो. फट् व्हायच्या आधी तो प्रश्न मलाही ऐकू आला होता. आवाज जाड, घोगरा होता. अश्वजितचा नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं होतं. त्याचं ‘नोको’सुद्धा ऐकलं मी. वाटलं, लेकाचा मला घाबरवतोय. म्हणून मुद्दाम, हसत, जोरात ओरडलो.

मोटारीशिवाय पट्टा कसा फिरला, मला आजही माहीत नाही. घरात कोणी ‘चहा करू का’ विचारलं तरी माझं तोंड उघडत नाही.

अश्वजित आता डाव्या हाताने टाइप करतो. एकेक अक्षर शोधून. मला रोज मेसेज करतो. हे पेज तो वाचतो, म्हणून इथे लिहिलं. बाबा म्हणाले तसं मला जगता येत नाही.

अश्वजित, कोणी नक्कल केली नव्हती.

तो मीच होतो.